चर्चा मोबाइलवर, हजेरी द्वारसभेला

आज कामगार वस्तीत राजकारणाची चर्चा चहाच्या टपरीपेक्षा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जास्त होते. या चर्चेमुळे माणसे सार्वजनिक कामात खरोखर उतरतात, की अंगठ्याचे चित्र पाठवून मोकळी होतात, या प्रश्नाचा विचार कामगार संघटनांनी करायला हवा. त्यासाठी बंगळूर शहराचाच अनुभव पुरेसा आहे.

ऑगस्ट २०१२ मध्ये ईशान्य भारतातील लोकांवर हल्ले होणार, अशी अफवा येथे एसएमएसमधून पसरली. हजारो पहारेकरी, हॉटेल कामगार व विद्यार्थी स्टेशनवर जमले. रेल्वेला गुवाहाटीसाठी खास गाड्या सोडाव्या लागल्या. अखेर केंद्र सरकारने पंधरा दिवस घाऊक एसएमएसवर बंदी घातली. हे कामगार बहुतेक असंघटित होते. संदेश खरा की खोटा, हे विचारायला त्यांच्याजवळ ना शाखा होती, ना सेक्रेटरी.

उलट उदाहरणही याच शहरातले आहे. बसवेश्वर चौक ते हेब्बाळ या पोलादी उड्डाणपुलाविरुद्ध १६ ऑक्टोबर २०१६ रोजी नागरिकांनी मानवी साखळी केली. बोलावणे मोबाइलवरून फिरले. पण त्याच्या जोडीला बैठका आणि कायदेशीर लढाईही होती. मार्च २०१७ मध्ये सरकारने पूल रद्द केला. त्याआधी, एप्रिल २०१६ मध्ये, प्रॉव्हिडंट फंड काढण्यावरील निर्बंधांविरुद्ध गारमेंट कारखान्यांतील हजारो भगिनी रस्त्यावर उतरल्या आणि दोन दिवसांत केंद्राला माघार घ्यावी लागली. एका लाइनीत शेजारी बसून काम करणाऱ्यांचा परस्परांवरील विश्वास हेच त्यांचे बळ होते.

नुसत्या संदेशांनी लोकशाही चालत असती, तर मोबाइलच्या या राजधानीत मतदान सर्वाधिक झाले असते. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात सुमारे ७३ टक्के मतदान झाले. बंगळूर शहर ५५ टक्क्यांच्या आसपासच राहिले.

ग्रुप बंद करा, असे कोणी म्हणू नये. रात्रपाळीचा पॉइंट्समन किंवा लाइनवर गेलेला लोको पायलट सभेला येऊ शकत नाही. त्याला संघटनेची बातमी मोबाइलवरच मिळते. पण डिसेंबर २०२४ मध्ये रेल्वेत युनियनच्या मान्यतेसाठी गुप्त मतदान झाले, तेव्हा पेटीतली मतेच मोजली गेली, ग्रुपवरचे अंगठे नव्हेत.

म्हणून शाखांनी तीन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. संघटनेचा प्रत्येक संदेश पदाधिकाऱ्याच्या नावाने व तारखेसह जावा. संशयास्पद मजकूर शाखेत विचारल्याशिवाय कोणी पुढे ढकलू नये. आणि ग्रुपवर गाजलेला प्रत्येक प्रश्न आठवड्याच्या आत द्वारसभेत मांडला जावा. बंधू-भगिनींनो, मोबाइलवर माणसे जोडा. पण लढा उभा राहतो तो प्रत्यक्ष हजेरीवर, हे विसरू नका!