एनटीएफचा शिक्का आणि कर्नलमधली रेस

पोस्ट लांब आहे आणि थोडी तांत्रिक आहे. पण चाकण, भोसरी, तळवडेत इलेक्ट्रॉनिक्सचं काम करणाऱ्यांनी चहा घेऊन सावकाश वाचा.

आपल्या पट्ट्यात ‘एनटीएफ’ माहीत नाही असा क्वालिटीचा माणूस सापडणार नाही. नो ट्रबल फाउंड. डिस्प्लेचा किंवा टेलिमॅटिक्सचा बोर्ड वॉरंटीत परत येतो, तक्रार असते ‘मधेच हँग होतो’. बेंचवर लावला की दोन दिवस मस्त चालतो. शिक्का पडतो, फाइल बंद. तोच बोल्ट ढिला निघाला असता तर 8डी रिपोर्ट, व्हाय-व्हाय, पोका-योके, ग्राहकाचा ऑडिटर दारात, सगळं रामायण झालं असतं. सॉफ्टवेअर अडकलं की मात्र ‘रीस्टार्ट केलं, चाललं’ एवढ्यावर भागतं.

माझं म्हणणं सरळ आहे. अशा एनटीएफमागे डेटा रेस असू शकते, ती पकडायचं गेज फुकट मिळतं, आणि ते लावल्याचा पुरावा ग्राहक कंपन्यांनी पीपीएपीच्या फाइलमध्ये मागितला पाहिजे.

डेटा रेस म्हणजे काय ते आधी. शिफ्ट बदलताना लाइनवरच्या बोर्डावर 240 नग लिहिलेत. दोन सुपरवायझर एकाच वेळी तो आकडा बघतात. एकाला 5 मिळवायचेत, दुसऱ्याला 3. पहिला 245 लिहितो, दुसरा त्यावर 243 लिहून जातो. खरे नग 248. दोघांनीही आपापलं गणित बरोबर केलं, तरी हिशेब चुकला. प्रोसेसरचे दोन कोअर मेमरीतल्या एकाच जागेला एकाच वेळी हात लावतात, त्यातला निदान एक तिथे लिहीत असतो आणि मध्ये कुलूप किंवा ठरलेला क्रम नसतो, तेव्हा हेच होतं. (चाकण चौकात संध्याकाळी जे होतं ते वेगळं, त्याला डेडलॉक म्हणतात. तो निदान डोळ्यांना दिसतो.)

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. तिथे ही चूक जास्त महाग पडते. कॅन बसवरून मेसेज आला की इंटरप्ट येतो, ड्रायव्हर एक काउंटर वाढवतो, त्याच क्षणी दुसऱ्या कोअरवर कोणीतरी तो वाचत असतो. त्यात कंपायलरही आपली हुशारी दाखवतो. एकदा वाचायची किंमत दोनदा वाचतो, नाहीतर लिहिण्याचा क्रम पुढेमागे करतो. अ‍ॅप पडलं तर एक अ‍ॅप पडतं. कर्नलमध्ये गडबड झाली तर अख्खा बोर्ड जातो, किंवा त्याहून वाईट म्हणजे चुकीचा आकडा घेऊन चालू राहतो.

‘आम्ही हजार तास टेस्ट केलंय’ हे उत्तर इथे चालत नाही. 14 ऑगस्ट 2003 ला अमेरिका आणि कॅनडात सुमारे 5 कोटी लोकांची वीज गेली. ओहायोतल्या वीज कंपनीच्या कंट्रोल रूममधली अलार्म यंत्रणा एका रेसमुळे गुपचूप बंद पडली होती आणि ऑपरेटरना तासभराहून जास्त वेळ त्याचा पत्ताच नव्हता. ते कर्नल नव्हतं, पण दुखणं त्याच जातीचं. ते सॉफ्टवेअर त्याआधी वेगवेगळ्या ठिकाणी मिळून 30 लाखांहून जास्त तास चाललं होतं आणि ती चूक एकदाही वर आली नव्हती. शेवटी सापडली कशी? इंजिनिअरांनी कोडमध्ये मुद्दाम उशीर घातला, सिस्टीम हळू केली, तेव्हा दोन प्रक्रिया एकमेकींवर आदळताना दिसल्या.

लिनक्स कर्नलमधलं उदाहरण हवं असेल तर ‘डर्टी काऊ’ घ्या. मेमरीच्या कोडमधली ही रेस 2007 पासून आत होती, 2016 मध्ये दुरुस्त झाली. नऊ वर्षं. साधा वापरकर्ता तिचा फायदा घेऊन मशीनचा मालक होऊ शकत होता, अँड्रॉइड फोनसुद्धा त्यात आले.

मुद्दाम उशीर घालायची हीच युक्ती पुढे साधन झाली. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 2010 मध्ये ‘डेटाकोलायडर’ विंडोजच्या कर्नलवर चालवला आणि 25 खऱ्या चुका पक्क्या केल्या. त्याच कल्पनेवर गूगलच्या लोकांनी लिनक्ससाठी ‘केसीसॅन’ बनवला. 2020 मध्ये 5.8 आवृत्तीत तो मुख्य कर्नलमध्ये आला. तो प्रत्येक वाचन-लेखन तपासत बसत नाही. साधारण चार हजारांतून एक निवडतो, त्या जागेवर पाळत ठेवतो, काम करणाऱ्याला 80 मायक्रोसेकंद थांबवतो आणि तेवढ्यात दुसरं कोणी तिथे येतंय का बघतो. आलं तर दोघांची नावं, म्हणजे फंक्शनं, छापतो. कोणी दिसलं नाही पण किंमत बदललेली निघाली, तर तेही सांगतो. सुरुवातीच्याच चाचण्यांत 300 हून जास्त वेगवेगळ्या रेस निघाल्या, त्याही जगभरचे लोक रोज वाचतात त्या कोडमध्ये. मग आपल्या सप्लायरने डिलिव्हरीच्या घाईत लिहिलेला ड्रायव्हर, जो बाहेरच्या कोणी कधी वाचलाच नाही, त्यात काही नसेल असं मानायचं का?

आता आपल्याकडची खरी अडचण. गाडीतली चिप बहुतेक एआरएमची असते आणि चिपवाल्याने दिलेला कर्नल अनेकदा जुना. तो 4.14 किंवा 4.19 असेल तर हे साधन त्यात नाहीच. 64-बिट एआरएमवर केसीसॅन 2022 मध्ये 5.17 पासून आला. मेमरी बॅरियर घालायचं राहिलं तर तेही ओळखायची सोय त्याच आवृत्तीत आली, आणि आपल्याला नेमकी तीच लागते, कारण एआरएम लिहिण्या-वाचण्याच्या क्रमाची इंटेलएवढी हमी देत नाही. लॅपटॉपवर वर्षभर चाललेलं कोड बोर्डवर फसतं ते यामुळेही. म्हणून पर्चेसवाल्यांनी चिपचा भाव ठरवताना कर्नलची आवृत्तीही विचारावी. दोन रुपये वाचवायला जुना कर्नल गळ्यात घेतला की पुढची पाच वर्षं एनटीएफ मोजत बसायचं.

इंजिनिअर लोक म्हणतील, केसीसॅनने मशीन मंद होतं, ढीगभर रिपोर्ट येतात, त्यातले कितीतरी निरुपद्रवी असतात. खरं आहे. डेटाकोलायडरचाही अनुभव तोच होता. पण निरुपद्रवी आहे हे कोडमध्ये तसं लिहून दाखवायची सोय कर्नलमध्ये आहे, ‘रीड-वन्स’, ‘डेटा-रेस’ या खुणा त्यासाठीच आहेत. प्रत्येक रिपोर्टवर माणसाने बसून विचार करायचा आणि निर्णय नोंदवायचा. गेजने दाखवलेला फरक आपण ‘चालतंय’ म्हणून सोडत नाही ना? आणि हे साधन गाडीत पाठवायचं नसतंच, फक्त लॅबमधल्या बिल्डमध्ये लावायचं.

उगाच घबराट नको म्हणून हेही सांगतो: तुमच्या गाडीचा ब्रेक लिनक्सवर चालत नाही. एबीएस, एअरबॅगला वेगळे छोटे कंट्रोलर असतात आणि त्यांची शिस्त कडक असते. लिनक्स किंवा अँड्रॉइड असतं ते स्क्रीन, क्लस्टर, टेलिमॅटिक्समध्ये. पण स्पीड दाखवणारा क्लस्टर रात्री घाटात काळा पडला तर चालवणाऱ्याला हा फरक समजावून काय उपयोग? आणि सगळा उद्योग आता वेगवेगळे डबे काढून एका मोठ्या कॉम्प्युटरकडे चाललाय.

सायबर सुरक्षा आणि सॉफ्टवेअर अपडेटसाठी एआयएस-189 आणि एआयएस-190 ही मानकं आपल्याकडे आली. त्यांचा भर प्रक्रियेवर आहे. प्रक्रिया कागदावर छान दिसते, हे आयएसओचं ऑडिट बघितलेल्या कोणालाही सांगायला नको. मला त्यात तीन साधे प्रश्न हवेत. कर्नल कोणता? स्वतः लिहिलेल्या ड्रायव्हरवर रेस शोधणारं साधन चालवलं का? किती रिपोर्ट आले आणि त्यांचं काय केलं? एआरएआय पुण्यात आहे, चाकणलाही तिचं केंद्र आहे. हे विचारायला दिल्लीच्या आदेशाची वाट बघायची गरज नाही, ग्राहक कंपनी उद्याच्या पीपीएपीपासून विचारू शकते.

कॉलेजांबद्दल एकच. आपली पोरं ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रॅक्टिकलला प्रोड्यूसर-कन्झ्यूमर लिहितात, सेमाफोर पाठ करतात, जर्नलवर सही घेतात. त्याच लॅबमध्ये केसीसॅन लावलेला कर्नल व्हर्च्युअल मशीनवर चालवायला एक पैसा लागत नाही. एका सेमिस्टरला दहा रिपोर्ट वाचून ‘ही खरी, ही निरुपद्रवी, कारण असं’ एवढं लिहायला लावा. असं काम केलेला मुलगा किंवा मुलगी मुलाखतीला आली तर मी मार्कशीट न बघता पुढच्या राउंडला पाठवीन.

तुमच्याकडे सॉफ्टवेअरच्या एनटीएफवर खरंच 8डी होतो का? होत असेल तर कसा, ते लिहा. कंपनीचं नाव नको.