रसदीला हवेत शिलेदार

६ मे २०२५ रोजी केंद्रीय संरक्षण मंत्रालयाने एक छोटीशी अधिसूचना काढली. प्रादेशिक सेना नियम, १९४८ मधील नियम ३३ चा आधार घेऊन प्रादेशिक सेनेतील, म्हणजे टेरिटोरियल आर्मीतील, प्रत्येक अधिकाऱ्याला व जवानाला गरजेप्रमाणे सेवेवर बोलाविण्याचा अधिकार तीद्वारे लष्करप्रमुखांना देण्यात आला. या सेनेच्या ३२ पायदळ पलटणींपैकी १४ पलटणी प्रत्यक्ष सेवेत आणण्यास संमतीही मिळाली. तिची मुदत ९ फेब्रुवारी २०२८ पर्यंतची. त्याच रात्री ‘ऑपरेशन सिंदूर’ला आरंभ झाला. युद्धवार्तांच्या गदारोळात अधिसूचनेची चर्चा दोन दिवस झाली आणि विरली.

त्यानंतर काही दिवसांनी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. वय ३९. चाकणच्या बाजूला एका कारखान्यात गोदाम व वाहतूक विभाग तो सांभाळतो. त्याच्या हातात प्रादेशिक सेनेच्या अधिकारीपदासाठी अर्ज मागविणारी जाहिरात होती. “सर, वयाची मर्यादा ४२ आहे. आता नाही तर कधीच नाही. अर्ज करू का?” असा त्याचा प्रश्न. प्रश्न साधा होता. उत्तर मात्र मला चटकन देता आले नाही. ते का देता आले नाही, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

पुण्याचे जुने नाते

नागरी व्यवसाय सांभाळून लष्करात सेवा करण्याची कल्पना पुण्याला नवी नाही. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, इंडियन डिफेन्स फोर्स उभारण्यात आली, तेव्हा लोकमान्य टिळकांनी याच शहरात तरुणांना तीत नावे नोंदविण्याचे आवाहन केले होते. स्वराज्य मागणाऱ्या समाजाने संरक्षणाचा भारही उचलला पाहिजे, ही त्यामागील भूमिका. पुढे १९२० साली इंडियन टेरिटोरियल फोर्स आली आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने आजची प्रादेशिक सेना. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी तिचे उद्घाटन केले. १९६२, १९६५ व १९७१ या तिन्ही युद्धांत तिच्या पलटणींनी कामगिरी केली आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीशी संलग्न असलेली १०१ वी प्रादेशिक पलटण तर पुण्याचीच.

या सेनेतील अधिकारीपदाच्या अटी आपल्या मध्यमवर्गीय वाचकाने नीट समजून घेण्याजोग्या आहेत. उमेदवार पदवीधर हवा, वय १८ ते ४२ हवे आणि मुख्य म्हणजे त्याला स्वतःचा उदरनिर्वाहाचा व्यवसाय हवा. लेखी परीक्षा, मुलाखत, सेवा निवड मंडळाची कसोटी व वैद्यकीय तपासणी यांतून पार पडल्यावर लेफ्टनंटच्या हुद्द्याचे कमिशन मिळते. पहिल्या वर्षी एक महिन्याचे प्राथमिक शिक्षण, दरवर्षी दोन महिन्यांचे शिबिर आणि पहिल्या दोन वर्षांत आणखी तीन महिन्यांचे प्रशिक्षण. सेवेत असेल तेवढ्या काळापुरते वेतन नियमित अधिकाऱ्याइतकेच. एरवी काही नाही. ही पूर्णवेळ नोकरी नव्हे, असे सरकार स्वतःच बजावते. २०२५ च्या त्या जाहिरातीत जागा होत्या अवघ्या १९; त्यांपैकी एक स्त्रियांसाठी.

पानिपत ते कुट

माझ्या विद्यार्थ्याला रस होता तो रसदीच्या कामात. पंधरा वर्षे त्याने तेच केले आहे: कोणता माल कोठे, किती आणि केव्हा पोहोचला पाहिजे याचे गणित. लष्कराला या गणिताची किती गरज असते, हे मराठी माणसाला वेगळे सांगावयास नको. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी आपले सैन्य लढावयास बाहेर पडले ते उपासमार असह्य झाली म्हणून. अब्दालीची रसद तोडण्याचे काम ज्यांच्याकडे होते ते गोविंदपंत बुंदेले हे मुळात वसुलीचे कामगार. डिसेंबर १७६० मध्ये ते मारले गेले आणि हिशेब उलटला.

दुसरे उदाहरण पुण्याच्याच नावाचे आहे, परंतु फारसे कोणाच्या स्मरणात नाही. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेलेल्या सहाव्या डिव्हिजनचे नाव ‘पूना डिव्हिजन’ असे होते. तीत मराठा पलटणीही होत्या. बगदादवरील चढाई फसल्यावर ही फौज डिसेंबर १९१५ मध्ये तैग्रिस नदीकाठच्या कुट या गावी कोंडली गेली. वेढा फोडण्याच्या प्रयत्नांत सुमारे २३ हजार माणसे कामास आली वा जखमी झाली. अखेर अन्न संपले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार लोक शरण गेले. शौर्यात कोणीही कमी पडले नव्हते. कमी पडल्या त्या नदीतील आगबोटी, बसऱ्याचे धक्के, गोदामे आणि या सर्वांची आगाऊ आखणी. १९१७ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल बाहेर पडला तेव्हा भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

या प्रकरणातील एक उपकथा आपल्या विषयाच्या मर्मालाच हात घालते. बसरा बंदराची घडी बसविण्यासाठी रंगून बंदराचे अनुभवी प्रशासक सर जॉर्ज ब्युकॅनन यांना धाडण्यात आले होते. माणूस जाणकार, परंतु लष्करी अधिकाऱ्यांनी त्यांचे कार्यक्षेत्र इतके आकुंचित केले की त्या वेळी त्यांच्या ज्ञानाचा फारसा उपयोग झाला नाही. त्याच वर्षी, १९१६ मध्ये, फ्रान्समधील ब्रिटिश सैन्याची वाहतूक तुंबली, तेव्हा एरिक गेडिस या रेल्वे-व्यवस्थापकाला थेट मेजर जनरलचा हुद्दा देऊन वाहतुकीचे सर्व अधिकार त्याच्या हाती सोपविले गेले आणि ती वाहतूक मार्गी लागली. ज्ञान दोघांपाशी होते. एकापाशी त्याबरोबर अधिकारही होता. लष्करात सल्लागाराचे ऐकले जातेच असे नाही; हुद्देदाराचे ऐकावे लागते.

घोडा बाहेर ठेवून या

आता आपल्याकडील स्थिती पाहू. आरंभीच्या प्रादेशिक सेनेत केवळ पायदळ नव्हते. पुरवठा, दळणवळण, वैद्यकीय, यांत्रिक दुरुस्ती अशा अनेक शाखांच्या तुकड्या तीत होत्या. १९७२ पर्यंत पायदळ वगळता त्यांपैकी बहुतेक बरखास्त झाल्या वा नियमित सैन्यात विलीन करण्यात आल्या. राहिल्या त्या खातेनिहाय तुकड्या: रेल्वेच्या, तेल कंपन्यांच्या आणि तत्सम. नागपूरजवळ कामठी येथील ४१४ वी आर्मी सर्व्हिस कोअरची पलटण हे त्याचे उत्तम उदाहरण. इंडियन ऑइलचे कर्मचारी तीत सैनिक व अधिकारी असतात. एरवी जे इंधन ते नागरिकांना पुरवितात तेच प्रसंगी सैन्याला पुरवावयाचे, असा तो सरळ व्यवहार आहे.

परंतु माझ्या विद्यार्थ्यासारखा, जो खाजगी कारखान्यात आहे, त्याला हे दार बंद. त्याच्यासाठी उघडे आहे ते मुख्यतः पायदळाचे. म्हणजे गोदामाच्या कामातील पंधरा वर्षांचा अनुभव बाजूस ठेवून त्याने वयाच्या चाळिशीत पायदळाच्या तुकडीचे नेतृत्व शिकावयाचे.

मराठी फौजेत बारगीर आणि शिलेदार असा भेद होता. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येई. मध्यम वयात सैन्याकडे वळणारा व्यावसायिक हा खरा शिलेदार होय. त्याचा घोडा म्हणजे त्याचे कौशल्य. आपण त्याला सांगतो, घोडा बाहेर ठेवा आणि आत येऊन बारगीर व्हा! ज्या शहरात दक्षिण कमांडचे मुख्यालय आहे, देहूरोडला लष्करी भांडार आहे, खडकीला दारूगोळ्याचा कारखाना आहे आणि ज्याच्या आसपास मोटारधंद्याची पुरवठा-साखळी तासांच्या हिशेबाने चालते, तेथे हा अपव्यय विशेष खटकतो.

यात बदल अशक्य आहे असेही नाही. चिनी भाषा जाणणाऱ्या पाच तज्ज्ञांना २०२४ च्या आरंभी प्रादेशिक सेनेत घेण्यात आले, ते भाषेसाठीच. भाषेला जे लागू तेच रसदीला लागू करण्यास तत्त्वतः अडचण दिसत नाही. ब्रिटनमध्ये तर १८६५ पासून रेल्वे व बांधकाम व्यवसायांतील ज्येष्ठांना कमिशन देणारे एक स्वतंत्र दल आहे; पुढे त्यात रसद-तज्ज्ञांचीही भर पडली.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, सैन्याची स्वतःची आर्मी सर्व्हिस कोअर समर्थ आहे. ती आहेच, परंतु राखीव दल हा विम्यासारखा असतो. घराला आग लागलेली नसते तेव्हाच विमा उतरवावयाचा असतो. दुसरा आक्षेप, हे काम कंत्राटदारांकडून करून घेता येईल. शांततेच्या काळात येईलही. परंतु गोळीबाराच्या टप्प्यात ट्रक न्यावयाचे की नाही, हा निर्णय कराराच्या कलमांवर सोडता येत नाही.

नुकसान कोणाचे?

याहून अवघड प्रश्न पैशाचा आहे आणि अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून तोच मला अधिक अस्वस्थ करतो. शिलेदाराचा घोडा रणात पडला की नुकसान त्याचे स्वतःचे. म्हणून घोडा जपण्याकडे त्याचा कल होई. आजच्या शिलेदाराची गोष्ट निराळी नाही. पहिल्या दोन वर्षांत सहा ते आठ महिने तो कामावर नसणार. लष्करी वेतन त्याचा त्या महिन्यांचा पगार भरून काढील. त्या काळात हुकलेली बढती, दुसऱ्याकडे गेलेली जबाबदारी यांची भरपाई कोण करणार? माझ्या विद्यार्थ्याने वरिष्ठांकडे विषय काढला तेव्हा उत्तर मिळाले, “जरूर जा, अभिमानाची गोष्ट आहे. पण परत आल्यावर हीच खुर्ची असेल, असे आज सांगता येत नाही.”

कायदा काय म्हणतो? प्रादेशिक सेना कायद्याच्या ७-अ कलमानुसार सेवेवरून परतलेल्या माणसाला पूर्वीहून कमी नसलेल्या अटींवर पुन्हा कामावर घेणे हे मालकाचे कर्तव्य आहे. मालकाने हरकत घेतली तर प्रकरण नियुक्त अधिकाऱ्यापुढे जाते. त्याचा आदेश मोडल्यास शिक्षा काय? एक हजार रुपयांपर्यंत दंड आणि सहा महिन्यांच्या पगाराइतकी भरपाई. हजार रुपये हा आकडा ज्या काळी ठरला त्या काळी त्याला वजन होते. आज मोठ्या कारखान्याला तो जाणवणारही नाही.

तथापि मालकाला खलनायक ठरवून सुटका होणार नाही. दहा माणसांच्या छोट्या उद्योगातील एक कर्ता माणूस दोन महिने गेला तर काम अडते, आणि ते राहिलेल्या नऊ जणांच्या डोक्यावर येते. महाविद्यालयात एक अध्यापक रजेवर गेला की त्याचे तास कोणाच्या वाट्याला येतात, हे आम्हाला पुरते ठाऊक आहे. देशाचे संरक्षण ही सर्वांची गरज आहे. तिचा खर्च मात्र ज्याच्याकडे देशभक्त नोकर निघाला त्या एकट्या मालकाने आणि त्या नोकराच्या सहकाऱ्यांनी सोसावयाचा, ही वाटणी न्याय्य नव्हे. गंमत अशी की, मे २०२५ च्या अधिसूचनेत सरकारने आपल्यापुरता हा हिशेब चोख ठेवला आहे. अन्य मंत्रालयांच्या मागणीवरून ज्या पलटणी उभ्या राहतील त्यांचा खर्च त्या त्या मंत्रालयाच्या खाती पडेल, असे तीत म्हटले आहे. सरकारची दोन खाती एकमेकांना फुकट सेवा देत नाहीत; मग नागरिकांकडून ती फुकट का अपेक्षावी?

सरकारी नोकरीतील वाचकांनी स्वतःला या चर्चेबाहेर समजू नये. १९५६ साली जोडलेल्या ६-अ कलमान्वये सरकारी आणि सार्वजनिक उपयोगितेच्या सेवांतील २० ते ४० वर्षे वयाच्या कर्मचाऱ्यांना प्रादेशिक सेनेत सेवा करण्यास भाग पाडता येते. सक्तीची तरतूद कायद्यात आहे. स्वेच्छेने येणाऱ्याची वाट सुकर करणारी तरतूद मात्र तोकडी आहे.

काय करता येईल

मार्ग फार खर्चाचे नाहीत. प्रादेशिक सेनेत रसद, वाहतूक, गोदाम-व्यवस्था व दुरुस्ती यांतील व्यावसायिकांची स्वतंत्र शाखा असावी आणि तिचा पहिला प्रयोग दक्षिण कमांडच्या छायेत पुण्यातच करावा. वयाची मर्यादा पायदळाला योग्य असेल. नियोजनाच्या कामाला ती पन्नाशीपर्यंत नेण्यास हरकत नसावी. शिबिराचा काळ कामाच्या स्वरूपाप्रमाणे कमी-अधिक करावा. बदली माणूस ठेवण्याचा खर्च लहान मालकाला सरकारने द्यावा. ब्रिटनमध्ये राखीव सैनिकांच्या मालकांना असे साहाय्य मिळते. आणि ७-अ कलमातील दंड आजच्या रुपयांत मोजावा.

प्रसिद्ध खेळाडूंना आणि नटांना या सेनेचे मानद हुद्दे देण्यात आले आहेत. कपिल देव यांना २००८ मध्ये, महेंद्रसिंह धोनी यांना २०११ मध्ये. त्याने सेनेचे नाव घरोघरी पोहोचले, हे मान्य केले पाहिजे. परंतु राखीव दल उभे राहते ते सोमवारी कामावर जाणाऱ्या आणि सोमवारीच परत यावयाची खात्री असणाऱ्या साध्या माणसांवर.

माझ्या विद्यार्थ्याला मी शेवटी म्हटले, अर्ज कर. पण आधी घरी बोल, आणि वरिष्ठांचे म्हणणे लेखी घे. त्याने अर्ज केला. वरिष्ठांकडून लेखी काही मिळाले नाही. पुढचे त्याचे तो पाहील. त्याच्या हिमतीविषयी मला शंका नाही. शंका आहे ती आपल्या व्यवस्थेविषयी. दाराशी आलेल्या शिलेदाराचा घोडा तिने अजून नीट पाहिलेलाही नाही.