सोवळ्यातले सूर

संगीताने हसवू नये, अशी एक समजूत आमच्या सुशिक्षित वर्गात फार दिवस घर करून बसली आहे. राग म्हणजे देवघर. विनोदाने ओसरीवर बसून शब्दांची करमणूक करावी आणि तंबोरा लागताच मुकाट्याने उठून जावे! ही समजूत वरवर संगीताचा मान राखणारी दिसते. वास्तविक तिच्यापायी संगीत नाटकाचा निम्मा जीव गेला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

'संशयकल्लोळा'चेच पाहा. मोलिएरचे १६६० सालचे प्रहसन आर्थर मर्फीने १७६१ मध्ये इंग्रजी रंगभूमीवर आणले, व मर्फीवरून गोविंद बल्लाळ देवलांनी ते मराठीत उतरविले. प्रथम गद्य, पुढे पदांसह. गंधर्व मंडळींनी १९१६ साली त्याचा संगीत प्रयोग केला, तेव्हा देवल हयात नव्हते. असा फिरत फिरत आलेला माल 'उसना' म्हणून नाक मुरडणारे पंडित अजूनही भेटतात. त्यांनी एकदा पात्रांची नावे तरी वाचावीत. फाल्गुनराव, भादव्या, अश्विनशेठ, कृत्तिका, रेवती: देवलांनी पंचांग उघडून माणसे उभी केली आहेत! त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रेवतीला त्यांनी नायकिणीच्या घरी जन्मास घातले. या एका फेरफाराने दोन कामे साधली. ती गाते कशी, हा प्रश्न उरला नाही; आणि अश्विनशेठाच्या संशयास समाजाच्या पूर्वग्रहाची आयती शिदोरी मिळाली. यास उसनवारी म्हणावयाचे, तर स्वतंत्र प्रतिभा कशास म्हणावे?

आता पदांकडे वळू. आपण रेवतीस दिलेली तसबीर फाल्गुनरावांच्या हाती पाहून अश्विनशेठ पेटतो. ती तसबीर रस्त्यात पडली, कृत्तिकेने उचलली व नवऱ्याने तिच्या हातून हिसकावली, हे प्रेक्षकांस ठाऊक आहे, त्यास नाही. तो मनापासून व्याकूळ होऊन गातो. सूर खरा, कारण खोटे! हास्य येथे उपजते. चाल पोरकट केली, तर ते तत्काळ मरते. म्हणून गवयाने तेथे गंभीरच असले पाहिजे. जॉन गेने १७२८ साली लंडनमध्ये 'बेगर्स ऑपेरा' रचला, तेव्हा हँडेलच्या 'रिनाल्डो'मधील संचलनाची भारदस्त चाल त्याने वाटमाऱ्यांच्या तोंडी घातली. त्या चालीतला एकही सूर विनोदी नाही. विनोद आहे तो कोण गातो आहे, यात. याच नाटकावरून ब्रेख्त व वाइल यांनी १९२८ मध्ये आपले नाटक बेतले, आणि ब्रेख्तवरून पु. ल. देशपांडे यांनी १९७८ साली 'तीन पैशाचा तमाशा' केला. प्रसिद्ध चालीवर अचकटविचकट शब्द बसविले की झाले सांगीतिक विनोदाचे काम, असे मानणाऱ्या आमच्या विडंबनकारांनी ही परंपरा अवश्य अभ्यासावी.

परंतु आमचा मुख्य रोख त्यांच्यावर नाही. तो सोवळ्या रसिकांवर आहे. नाट्यसंगीताच्या मैफलींतून देवलांची पदे नाटकापासून तोडून गाइली जातात. पाच मिनिटांच्या पदाची वीस मिनिटे होतात, तानांवर ताना पडतात, 'वन्समोअर' झडतात. (ते आम्हीही दिले आहेत, नाकबूल करीत नाही.) आवाजाचा आनंद मिळतो, आणि तो लहान नव्हे. मात्र फाल्गुनराव नाही, तसबीर नाही, म्हणून हसूही नाही. उरतो तो एक रागावलेला प्रियकर, अकारण.

अशाच एका घरगुती मैफलीत आमच्या पुढे बसलेल्या आठदहा वर्षांच्या मुलीने आजोबांस हळूच विचारले, "यांना राग कशाचा आला आहे?" आजोबा जाणते रसिक, गळ्यात उपरणे, हातात ताल. त्यांनी तिच्या गुडघ्यावर चापट मारली व म्हटले, "गप्प बस, गाणे चालले आहे."