रकान्यातला फकिरा



आमच्या वस्तीतील विहारात पुस्तकांचे एक लोखंडी कपाट आहे. त्याची किल्ली कुणाकडे असावी यावर आजवर बराच वाद झाला. कपाट उघडावे कुणी यावर मात्र कधी वाद झाला नाही, कारण उघडायला कुणी येतच नसे. आपली माणसे पुस्तके विकत घेत नाहीत असे कुणी म्हणू नये. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर पुस्तकांच्या दुकानांपुढे जी गर्दी असते, ती पोटाला चिमटा घेऊन आलेली असते. पण घरी आणलेले पुस्तक वाचले गेलेच असे नाही. बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ वर्षावासात रोज वाचला जातो. कादंबऱ्यांच्या नशिबी तेवढेही नाही. आमच्या बैठकीत एका गृहस्थांनी सांगितले, “या गोष्टीची पुस्तके काढा आणि स्पर्धा परीक्षेची आणा.” त्यांचा मुलगा तीन वर्षे परीक्षा देतो आहे. आम्ही त्यांना उलट बोललो नाही.

पण मनात एक विचार आला. हेच गृहस्थ रविवारच्या पेपरातील शब्दकोडे सोडवल्याशिवाय चहा घेत नाहीत. मग कोडेच कादंबरीवर केले तर?

आमचा हात कारकुनाचा. रकाने आखायला आम्हाला कुणी शिकवावे लागत नाही. अण्णा भाऊ साठे यांची १९५९ सालची ‘फकिरा’ घेतली आणि विहाराच्या फळ्यावर खडूने कोडे मांडले. लेखकाचे गाव कोणते, जन्म कोणत्या साली, असे विचारले. मुलांनी दहा मिनिटांत मोबाइलवर बघून फळा भरून टाकला. कपाटाला कुणी हात लावला नाही. पहिले कोडे असे वाया गेले, आणि दोष सर्वस्वी आमचा होता. जे पुस्तकाबाहेर सापडते ते विचारले, तर पुस्तक कोण उघडील?

दुसऱ्या वेळी आम्ही दोन आठवडे पेन्सिल घेऊन बसलो. मराठीत एका घरात एक अक्षर, काना-मात्रेसह आणि जोडाक्षरासह. त्यामुळे ‘विष्णुपंत’ चार घरांत बसतो आणि ‘राधा’ दोन घरांत. इंग्रजीसारखी अक्षरे सहज जुळत नाहीत. ‘जोगणी’तला ग आणि ‘शिगाव’मधला गा एकमेकांत बसत नाहीत, तेव्हा डोके धरायची वेळ येते. पण ‘फकिरा’ आडवा लिहिला आणि आम्ही थबकलो. त्याच्या शेवटच्या ‘रा’मधून ‘राणोजी’ सरळ खाली उतरत होता. मुलाच्या नावाच्या टोकाला बापाचे नाव! राधेलाही तोच ‘रा’ हवा होता. आई की बाप, असा पेच पडला. आम्ही बापाला जागा दिली आणि राधेला दूर कोपऱ्यात बसवले. त्याबद्दल महिला मंडळाने आमची चांगली कानउघाडणी केली, आणि ती योग्यच होती. नवरा मारला गेल्यावर घर सावरणारी तीच तर आहे.

कोडे फळ्यावर लागण्याआधी बैठकीत खरा वाद झाला. एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, “सर, अण्णा भाऊ मोठे, पण ते कम्युनिस्ट. आपल्या विहारात त्यांचे पुस्तक कशाला?” दुसरा हळूच म्हणाला, “आणि ते आपल्यातले नाहीत.” हे ‘आपल्यातले’ आम्हाला लागले. आम्ही भाषण केले नाही. कोड्यात एक प्रश्न वाढवला: ‘लेखकाने ही कादंबरी ज्यांच्या लेखणीला अर्पण केली ते (चार अक्षरे).’ त्यासाठी पुस्तकाची सुरुवातीची पाने उघडावी लागतात. त्या तरुणाने उघडली. उत्तर लिहिले ‘बाबासाहेब’, आणि म्हणाला, “सर, हे पाच घरांत जाते.” आमचीच मोजणी चुकली होती. चौकटीत एक घर वाढवावे लागले. पुस्तक मात्र तो घरी घेऊन गेला.

बक्षीस रोख ठेवायचे नाही हे आधीच ठरले होते. एके काळी कोड्यांच्या बक्षिसांपायी लोकांनी पगार उधळले, म्हणून १९५५ साली कायदा करून अशा स्पर्धांच्या बक्षिसांवर महिन्याला १,००० रुपयांची मर्यादा घालावी लागली. आमचे बक्षीस एवढेच, की पुढच्या महिन्याची कादंबरी सर्वांच्या आधी घरी न्यायची.

‘जोगणी’ हा शब्द एकाही मुलाला येईना. राणोजी शिगावहून जोगणी आणतो आणि तिच्यापायी प्राण देतो, एवढे पुस्तकातून कळले. पण ही जोगणी म्हणजे नेमके काय, हे विचारायला पोरे एका आजींकडे गेली. आजींना अक्षरओळख नाही. त्यांनी गावाकडच्या जत्रेचे सगळे सांगितले आणि मग अट घातली, “आता ते पुस्तक पहिल्यापासून वाचून दाखवा.” तीन मुली रोज संध्याकाळी आळीपाळीने वाचू लागल्या. आजी मध्येच थांबवत आणि म्हणत, “हे परत वाच.” कोडे शनिवारी सुटले होते, वाचन पुढे सोळा दिवस चालले. शेवटच्या दिवशी ते स्पर्धा परीक्षावाले गृहस्थही ओट्यावर येऊन बसले होते.

अजून एक अडचण आहे. आमच्याकडे ‘फकिरा’ची एकच प्रत, आणि कोड्याच्या आठवड्यात सात घरांतून मागणी आली. आता प्रत्येक कोड्यासाठी किमान तीन प्रती घ्यायचे ठरले आहे. वर्गणी चालू आहे. पुढचे पुस्तक बाबुराव बागूल यांचे ‘सूड’. ते लहान आहे, आठवड्यात वाचून होते. रकाने आखून झाले आहेत, राधेची तक्रार लक्षात ठेवून या वेळी जानकीला अगदी मध्यभागी बसवले आहे. ज्या विहारांना कोडे हवे असेल त्यांनी या साप्ताहिकाच्या पत्त्यावर कळवावे. आम्ही चौकट पाठवू, उत्तरे पाठवणार नाही.