हलका लॅपटॉप की जुना डेस्कटॉप? आधी काम बघा, मग हप्ता

आळंदीतल्या एमआयटी अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगमध्ये प्रवेश झाला, की फीनंतरचा मोठा खर्च लॅपटॉपचा. घरातला दहा वर्षांचा डेस्कटॉप 'स्लो झालाय' म्हणून भंगारात काढला जातो. इथेच घाई होते.

आकडे काय सांगतात?
२०१४ मधला इंटेल कोअर आय५-४५९० हा डेस्कटॉप प्रोसेसर ८४ वॉटचा. स्वस्त, हलक्या लॅपटॉपमध्ये येणारा २०२३ चा इंटेल एन१०० फक्त ६ वॉटचा. ताकद मात्र दोघांची जवळपास सारखी. वीज वाचते, वेग फारसा वाढत नाही.

मग नवा झटपट का वाटतो?
एसएसडीमुळे. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी वाचते, साधी सॅटा एसएसडी ५०० च्या आसपास. ती जुन्या डेस्कटॉपलाही बसते.

लॅपटॉपची मर्यादा
कॅडचे मोठे काम तासभर चालले, की पातळ लॅपटॉप तापतो आणि स्वतःच वेग कमी करतो. अनेकांत रॅमही वाढवता येत नाही.

डेस्कटॉपची मर्यादा
विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. एवढ्या जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. लिनक्स चालते, पण कॉलेजची सॉफ्टवेअर त्यावर चालतात का, हे आधी विचारावे.

थोडक्यात, रोज कॉलेज किंवा चाकणला इंटर्नशिपला न्यायचा असेल, तर लॅपटॉप घ्यावाच. काम घरीच असेल, तर आधी एसएसडी आणि रॅम बदलावी. फक्त वेगासाठी स्वस्त, हलका लॅपटॉप हप्त्यावर घेणे परवडणारे नाही.