वरळीची घरे राखायची कोणी?

वरळीच्या किल्ल्याला कायद्याचे संरक्षण आहे. त्याच्या पायथ्याशी दाटीवाटीने उभ्या असलेल्या घरांना ते नाही. १६७५ च्या सुमारास इंग्रजांनी माहीमच्या उपसागरावर नजर ठेवण्यासाठी हा लहानसा कोट बांधला. मुंबईच्या सात बेटांवर इंग्रजांच्या, किंबहुना पोर्तुगिजांच्याही आधीपासून कोळी राहत होते, हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक असते. म्हणजे पाहुण्याने उभारलेल्या भिंतीला आपण वारसा म्हणतो आणि यजमानाच्या घराला बांधकाम म्हणतो. गंमत अशी की, या कोटालाही जाग राहिली ती तेथे व्यायामशाळा चालवणाऱ्या आणि छोटेसे देऊळ राखणाऱ्या गावकऱ्यांमुळे.

जुनी घरे राखण्यासाठी स्थानिक स्वयंसेवकांनी संस्था काढावी, तिचे नेतृत्व त्यांनीच करावे, हा विचार आपल्याकडे अजून परका वाटतो. वाडे आणि घरे ही एक तर मालकाची खाजगी बाब किंवा सरकारची जबाबदारी, अशी आपली दोन टोकांची समजूत आहे. मधली जागा रिकामी आहे, आणि शहराचा चेहरा नेमका त्या रिकाम्या जागेतून पुसला जात आहे.

मुंबईपुरते बोलायचे, तर कायदा नव्हता असे म्हणता येणार नाही. १९९५ साली या शहरासाठी वारसा नियमावली मंजूर झाली. देशात अशी ती पहिलीच. इमारतींच्या श्रेणी ठरल्या, काही परिसर यादीत आले, समिती नेमली गेली. यादीत नाव आले म्हणजे घर वाचले, असा भाबडा समज त्या काळी अनेकांचा झाला होता. गिरगावातील खोताच्या वाडीने तो दूर केला. पाठारे प्रभू ज्ञातीतील दादोबा वामन खोत यांच्या नावाने ओळखली जाणारी ही वाडी. त्यांच्याकडून जागा घेऊन ईस्ट इंडियन कुटुंबांनी तेथे लाकडी घरे बांधली. पुढे ऐसपैस पडवी, बाहेरून चढणारा जिना आणि कौलारू छप्पर. यादी होती, कौतुक होते, छायाचित्रकारांची गर्दी होती. तरीही मूळच्या घरांपैकी निम्मीसुद्धा आज उरलेली नाहीत. जी उरली, ती प्रामुख्याने रहिवाशांच्या चिकाटीमुळे. वेशभूषाकार जेम्स फरेरा यांच्यासारख्या रहिवाशाने आपल्या घरात पाहुण्यांची सोय केली आणि वाडीच्या रक्षणासाठी वर्षानुवर्षे आवाज उठवला. यादीने पाडकामाला अडथळा केला असेल. गळके छप्पर मात्र यादीने शाकारले नाही.

खोताच्या वाडीला निदान सौंदर्याचे प्रशस्तिपत्र मिळाले होते. कोळीवाड्याच्या नशिबी तेही नाही. येथे आडवा येतो तो १९७१ चा झोपडपट्टी कायदा. दाटी, अपुऱ्या सुखसोयी, अस्वच्छता आणि त्यांपासून आरोग्याला संभवणारा धोका या कसोट्यांवर एखादे क्षेत्र झोपडपट्टी ठरवता येते. घर किती जुने आहे, जमीन कोणाच्या वहिवाटीची आहे, गल्ली इतकी अरुंद का आहे, हे प्रश्न या कसोटीत मुळी उमटतच नाहीत. समुद्रावरचा वारा अडावा, सावली राहावी, जाळे विणायला बसलेल्याला समोरच्या ओटीवरच्या माणसाशी बोलता यावे, अशा गरजांतून घडलेली गल्ली कायद्याच्या नजरेत केवळ ‘दाटी’ असते. नळ आणि गटार वेळेवर न देणारी यंत्रणाच पुढे ‘येथे सुखसोयी नाहीत’ असा शेरा मारायला मोकळी असते. २०२० च्या मार्चअखेर करोनाच्या साथीत वरळी कोळीवाडा बंद करण्यात आला, तेव्हा अनेकांनी त्याचा उल्लेख बेधडक झोपडपट्टी असाच केला. शब्द एकदा रूढ झाला की नकाशाही त्याच्या मागोमाग जातो.

म्हणून कोळीवाड्यात घर राखणे हा रम्य आठवणींचा छंद नव्हे. ‘हे गाव आहे, झोपडपट्टी नव्हे’ हे सिद्ध करण्याचा तो पुरावा आहे. सागरतटीय नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेने मुंबईतील कोळीवाड्यांची स्वतंत्र दखल घेतली, घरांच्या दुरुस्तीचा आणि पुनर्बांधणीचा विचारही केला. परंतु सीमा कोठून कोठपर्यंत, होड्या ओढण्याची व मासळी सुकवण्याची जागा गावात धरायची की गावाबाहेर, या वादात वर्षे गेली. पुराव्याचे काम सरकारी मोजणीदारावर सोपवून गाव स्वस्थ बसले, तर मोजणीदाराला दिसेल तेवढेच गाव उरेल.

असे काम स्वयंसेवकांना झेपेल काय, अशी शंका काढणाऱ्यांना अमेरिकेतील एक जुनी हकीकत सांगण्यासारखी आहे. जॉर्ज वॉशिंग्टन यांचे माउंट व्हर्नन हे घर १८५३ साली पडायला आले होते. नदीतून बोटीने जाणाऱ्या एका स्त्रीने ते पाहिले आणि आपल्या मुलीला पत्र लिहिले. ॲन पामेला कनिंगहॅम ही ती मुलगी, प्रकृतीने अधू. सरकार घर घ्यायला तयार नव्हते. या बाईंनी राज्याराज्यांतील स्त्रियांची संघटना उभी केली, वर्गणी जमवली आणि १८५८ मध्ये दोन लाख डॉलरला ते घर व भोवतालची जमीन घेण्याचा करार केला. आजही ते त्याच संघटनेच्या हाती आहे. इंग्लंडच्या नॅशनल ट्रस्टने १८९६ मध्ये घेतलेली पहिली वास्तू म्हणजे आल्फ्रिस्टन गावातील पाद्रीबाबांचे मोडकळीस आलेले घर. किंमत दहा पौंड.

पण याच हकीकतीची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. माउंट व्हर्ननच्या बायकांनी दिवाणखाना जपला. त्या घरात राबलेल्या गुलामांच्या दफनभूमीवर पहिली साधी शिला बसायला मात्र १९२९ साल उजाडावे लागले. घराच्या प्रेमात पडलेला स्वयंसेवक घरातल्या माणसांना विसरतो, हा धोका जगभर आहे. आपल्याकडे तो वेगळ्या रूपात येईल. बाहेरून आलेली, उद्वाहन असलेल्या इमारतीत राहणारी सुसंस्कृत मंडळी कोळ्याला सांगू लागतील, ‘तुमची कौले किती छान आहेत, ती बदलू नका.’ त्या कौलांखाली पावसाळ्यात पातेली मांडणाऱ्या बाईचे मत कोणी विचारणार नाही. तिला संडास घरात हवा असेल, मुलाच्या लग्नासाठी वर एक खोली हवी असेल, तर ते वारशाविरुद्धचे पाप ठरवण्याचा अधिकार कोणाला आहे? प्रस्तुत लेखकाला जुन्या पडव्या आवडतात; परंतु ती आवड दुसऱ्याच्या खर्चाने जोपासायची नसते.

आक्षेप याहून मोठाही आहे. कोळीवाड्यात जुने उरले आहे कितीसे? अनेक घरांवर सिमेंटचे मजले चढले, लाकडी खांब गेले, पत्रे आले. खरे आहे. पण येथील वारसा एकेका घराच्या नक्षीत नसून घर, गल्ली आणि बंदर यांच्या नात्यात आहे. घरातून निघालेला खलाशी किती पावलांत क्लीव्हलँड बंदरावर पोहोचतो, टोपली घेतलेली बाई कोणत्या वाटेने बाजाराला जाते, गोल्फादेवीच्या देवळाकडे कोणत्या वाटा वळतात, हा आराखडा अजून शाबूत आहे. तो मोडला आणि त्याच माणसांना त्याच जागी विसाव्या मजल्यावर घरे दिली, तर कागदोपत्री कोणाचेही नुकसान झालेले दिसणार नाही. जाळे मात्र विसाव्या मजल्यावर नेता येत नाही.

वरळीकरांना संघटना नवी नाही, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. किनारा मार्गाचा पूल बंदराच्या तोंडाशी उभा राहू लागला, तेव्हा दोन खांबांत साठ मीटरचे अंतर पुरेसे आहे, असे तज्ज्ञांचे म्हणणे होते. खवळलेल्या पाण्यात त्यातून होडी काढणे म्हणजे काय, हे खांब आखणाऱ्यांना नव्हे, तर तांडेलाला ठाऊक होते. मच्छीमारांच्या सहकारी संस्थांनी याहून बरेच अधिक अंतर मागितले, समुद्रातील काम रोखून धरले, आणि अखेर डिसेंबर २०२२ मध्ये ते अंतर एकशे वीस मीटर करण्याचे शासनाला मान्य करावे लागले. मागितले तेवढे मिळाले नाही. पण दिवसभराचा धंदा सांभाळून, पदरचे खर्चून लढणाऱ्या माणसांनी मिळवले ते थोडके नाही. समुद्रातील वाट जे मोजू शकतात, त्यांना गावातील घरे मोजणे कठीण का वाटावे?

कोकणात, मालगुंड येथे, कोकण मराठी साहित्य परिषदेच्या कार्यकर्त्यांनी केशवसुतांचे जन्मघर राखून १९९४ मध्ये स्मारक उभे केले. तेथे कवीचे एकच घर होते आणि मागे मराठी वाचकांची माया होती. वरळीत प्रत्येक घराला चार वारस आहेत आणि चौघांची चार मते. स्वयंसेवकाची खरी कसोटी बिल्डरसमोर नसते, चुलतभावासमोर असते. अशा संस्थेत राहत्या कुटुंबांचेच बहुमत असले पाहिजे, मासळी विकणाऱ्या बायका नुसत्या सभासद म्हणून नव्हे तर पदाधिकारी म्हणून असल्या पाहिजेत, आणि वास्तुविशारद, वकील, इतिहासाचे अभ्यासक यांनी सल्ल्यापुरते, बोलावल्यावर यावे. शासनानेही एवढे तरी करावे: गावातील वळण न मोडता घर दुरुस्त करणाऱ्याला परवानगीसाठी हेलपाटे घालायला लावू नयेत, दुरुस्तीला अल्प व्याजाने कर्ज द्यावे, आणि सीमांकनाच्या वेळी गावाने केलेली नोंद पुराव्यात धरावी. खर्च फार नाही. लंडनमधील ज्या घरात विद्यार्थिदशेत डॉ. आंबेडकर राहिले, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये खरेदी केले आणि ते योग्यच केले. सातासमुद्रांपलीकडचे घर ज्या शासनाला दिसते, त्याला वरळीच्या टोकावरची घरे दिसू नयेत, याला अंतराचे कारण देता येणार नाही.

आरंभ एका वहीपासून व्हावा. गल्लीवार घरे, त्यांचे जुने कागद, जुनी छायाचित्रे, कोणत्या पिढीत कोणती खोली वाढली, विहीर कोठे होती, जाळी कोठे वाळत. दर वर्षी एक जूनपासून जुलैअखेरपर्यंत मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्याला लागतात, नाखवा घरी असतो, म्हाताऱ्यांना बोलायला वेळ असतो. त्या दोन महिन्यांत ही वही भरता येईल. पाऊसही तेव्हाच असतो. कोणाचे छप्पर गळते, त्याचीही नोंद तिच्यात आपोआप होईल.