दिसते म्हणून मारायचे?

मोठ्या जनावराच्या शिकारीसाठी रायफलीवर कोणती दुर्बीण बसवावी, असे विचारले की उत्तर आकड्यात मिळते. सोळापट घ्या, जमल्यास चोवीसपट घ्या. जितकी पट जास्त तितकी दुर्बीण चांगली, असा एक समज रूढ झाला आहे आणि विकणाऱ्यांनी तो जपला आहे. माझे म्हणणे नेमके उलट आहे. मोठ्या जनावराला चौपट दुर्बीण पुरते. ज्याला ती पुरत नाही त्याने दुर्बीण बदलू नये, जनावराच्या आणखी जवळ जावे.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेची शिकार संपली, आणि ती संपली हे योग्यच झाले. तेव्हा हा वाद इथल्या रानाचा नाही. तो अमेरिकेतल्या रॉकी पर्वताच्या मुलखाचा आहे. तिथे परवाना काढून ठरल्या हंगामात एल्कची शिकार होते. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या गोतातले, पण त्याहून थोराड हरीण. तिकडे स्थायिक झालेला एखादा मराठी माणूस परवाना काढतो आणि दुकानात जातो, तेव्हा त्याच्यापुढेही दुर्बिणींची हीच रांग मांडली जाते. मी त्या रानातून हिंडलो आहे, म्हणून चार शब्द बोलण्याचा अधिकार घेतो.

दुर्बीण काय करते? डोळ्याला मदत करते, एवढेच. गोळीला ती कसलीही मदत करीत नाही. हा साधा भेद विसरला की सगळा घोटाळा सुरू होतो. ‘तीस-शून्य-सहा’ ही तिकडची घरोघरची रायफल. तिचा नेम २०० यार्डांवर साधून ठेवला, तर १८० ग्रेनची नेहमीची गोळी ४०० यार्डांवर सुमारे दोन फूट आणि ५०० यार्डांवर सुमारे चार फूट खाली येते. ताशी १० मैलांचा आडवा वारा तिला त्याच अंतरात फूट-दीड फूट बाजूला सारतो. ५०० यार्ड जायला तिला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो. तेवढ्यात चालते जनावर दोन-तीन फूट पुढे सरकलेले असते. आणि हृदय-फुप्फुसांची जी जागा साधायची, ती जेमतेम फूट-सव्वाफूट रुंद असते. गोळी थोडी मागे लागली की पोट फुटते, आणि ते जनावर तासन्‌तास तडफडत दऱ्याखोऱ्यांतून फिरते. चोवीसपट दुर्बिणीत यातले काय दिसते? वारा दिसत नाही, गोळीची घसरण दिसत नाही, पुढचे पाऊल दिसत नाही. फक्त जनावर जवळ आल्यासारखे दिसते. खोटेपणा आहे तो इथेच.

कोणी म्हणेल, अंतर मोजणारी यंत्रे आहेत, घसरण सांगणारे तक्ते आहेत, दुर्बिणीवर चकत्या फिरवून सगळा हिशेब बसवता येतो. येतो ना! लोखंडी पाट्यांवर जरूर बसवावा. पाटी चालत नाही, आणि नेम चुकला तर तिला काही होत नाही. जनावरावर हा हिशेब करणाऱ्याने एवढेच सांगावे, की पलीकडच्या उतारावरच्या वाऱ्याचा आकडा त्याने कुठून आणला?

दुसरा आक्षेप अधिक शहाणपणाचा आहे. दुर्बिणीची पट कमीजास्त करता येते; चारपासून सोळापर्यंत. मग चारवर ठेवा, बिघडले काय? बिघडते ते असे. ती दुर्बीण लांब आणि जड असते, आणि ते ओझे दिवसभर डोंगर चढून वाहावे लागते. शिवाय ऐन वेळी कडे नेमके मोठ्या आकड्यावर राहिलेले असते. चौपट दुर्बिणीतून १०० यार्डांवर सुमारे तीस फुटांचा पट्टा दिसतो. चोवीसपटीतून चार-पाच फुटांचा. झाडीतून जनावर निघाले की शिकारी भिंगात नुसते केस आणि पाने शोधत बसतो. पट वाढली की हाताचा कंपही तितक्याच पटीने वाढलेला दिसतो. मग फुली स्थिर करण्याच्या धडपडीत चाप हिसकला जातो.

उजेडाचा हिशेब तर पाठच करावा. पुढच्या भिंगाच्या रुंदीला पटीने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मिळते. ३२ मिलिमीटरचे भिंग आणि चौपट, म्हणजे ८ मिलिमीटर. ५० मिलिमीटरचे भिंग आणि चोवीसपट, म्हणजे जेमतेम २. तिन्हीसांजेला माणसाची बाहुली पाच ते सात मिलिमीटर उघडते. जनावरे बाहेर पडतात ती याच वेळी. म्हणजे जास्त पैसे मोजून ऐन वेळी अंधारच विकत घ्यायचा!

याचा अर्थ सगळीकडे चौपटच, असा नाही. जर्मनीत मचाणावर बसून रात्री रानडुकराची वाट पाहणारा ५६ मिलिमीटर भिंगाची आठपट दुर्बीण वापरतो, आणि ते बरोबर आहे. त्याला टेकायला जागा आहे, अंतर थोडे आहे, उजेड नाही. आफ्रिकेत रानरेड्यासमोर जाणारा एक ते चार पटीची घेतो, कारण काम शंभर यार्डांच्या आतले असते. मात्र त्या जबर रायफलींच्या धक्क्याने दुर्बिणीची कड भुवई फोडते, म्हणून डोळा आणि भिंग यांत साडेतीन-चार इंच अंतर राहील अशीच दुर्बीण लागते. दोघेही कामावरून दुर्बीण ठरवतात. अमेरिकेत जॅक ओ’कॉनरसारखा नाणावलेला शिकारी-लेखक डोंगरी मेंढ्यांच्या मागेही चौपट दुर्बीण घेऊन फिरला.

आणखी एक सवय निंद्य आहे. मोठी दुर्बीण हाती आली की लोक तिच्यातूनच रान न्याहाळू लागतात. समोरच्या टेकडीवर हलले ते हरीण की माणूस, हे पाहायला भरलेली बंदूक रोखायची? रान पाहायला गळ्यात वेगळी दुर्बीण हवी. रायफलीवरची फक्त नेमासाठी.

थिओडोर रूझवेल्टने १८८७ मध्ये स्थापलेला बून अँड क्रॉकेट क्लब आजही म्हणतो, की जनावराला वास, कान, डोळे वापरून सावध होण्याची संधीच न देणारी दूरची गोळी अन्यायाची आहे. कोलोरॅडो राज्यात तोंडाने ठासायच्या बंदुकीचा जो खास हंगाम असतो, त्यात दुर्बिणीला मुळी मज्जावच आहे. शिकारीचा धर्म अंतरात असतो, हे तिथल्या कायद्यालाही कळते.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. पैसे पटीवर घालू नका. स्वच्छ भिंगावर, मजबूत बैठकीवर आणि सरावाच्या काडतुसांवर घाला. प्रवासानंतर एक गोळी झाडून नेम तपासा. आणि चौपट दुर्बिणीत जनावर लहान दिसले, तर ती दुर्बिणीची उणीव समजू नका. ती तुम्हाला थांबायला सांगते आहे. दबकत पुढे जा. जाता आले नाही तर रायफल खाली करा. हात हलवीत परत येणाऱ्या शिकाऱ्याला रानाने कधी नावे ठेवलेली नाहीत.